पहिलं धरायचं नसतं

सोनोग्राफीच्या जेलची बाटली उलटी ठेवलेली—तोंडाशी वाळलेला पांढरा थर, आत एक बुडबुडा अडकलेला, ना वर ना खाली... मान वळवून पडल्यावर तिला तेवढीच दिसत होती. ती, आणि पलीकडे खुर्चीत बसलेल्या बाबांचे बूट. उजवा सारखा हलत होता. हलू दे.

सोळाव्या वर्षी मानेतल्या धमन्या तपासून घ्यायची पाळी आली होती. भीती वाटायला हवी होती. वाटत होता तो आनंद—नासका, पण आनंदच.

बाबांचं औषधांचं दुकान. काउंटरवर रक्तदाबाचं यंत्र. अख्खी गल्ली त्यांच्यापुढे दंड उघडा करून बसायची, आणि बाबा कुणाचं मीठ तोडत, कुणाला दटावून डॉक्टरकडे पिटाळत. तिचं डोकं दुखायला लागलं तेव्हा तिलाही बसवलं. आकडा पाहिला आणि पट्टा सोडवला. "पहिलं धरायचं नसतं, चिमणे. माणूस घाबरलेलं असतं." पुन्हा. "जिना चढून आलीस ना." पुन्हा—पाणी पिऊन, पाय सैल सोडून, डोळे मिटून—त्यांना हवा तो आकडा येईपर्यंत. "बघ, कशी ठणठणीत आहेस!" वर्षभर हेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि त्या अंधारात बसलेली मी... शेवटी शाळेतल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी पहिलाही आकडा धरला, दुसराही, आणि सरळ इकडे पाठवलं.

म्हणून तर तिनं हट्टानं बाबांनाच सोबत आणलं होतं; आई येते म्हणत असताना. बघा म्हणावं आता. दिसू दे पडद्यावर सगळं वाईटात वाईट, उतरू दे चेहरा. वाक्यसुद्धा तयार होतं, आंघोळ करताना घोळून घोळून गुळगुळीत केलेलं—'गल्लीला औषध दिलंत बाबा, मला नुसते लाड.'

तपासणाऱ्या बाईंनी गार जेलवरून यंत्र फिरवलं. पडद्यावर दोन करड्या रेघा, मधे काळं, थडथडणारं.

"वयाच्या मानानं धमनीची भिंत जरा जाड वाटतेय," बाई म्हणाल्या. "वाढलेल्या दाबानं होतं असं. घाबरू नकोस, लवकर कळलंय. औषधानं आटोक्यात ठेवता येतं. बाकी डॉक्टर सांगतील."

बूट थांबला.

हाच तो क्षण. वाक्य ओठांवर आलं.

"बाई..." बाबांचा आवाज उधारी मागायला आलेल्या गिऱ्हाइकासारखा. "परत एकदा बघता का? म्हणजे... पहिलं धरायचं नसतं."

संतापानं तिच्या कानशिलात ठोके पडले. अजूनही! अजूनही तेच! आता बोलायचंच—पण बाईंनी यंत्र पुन्हा मानेला टेकवलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपले पाय सैल सुटलेत, डोळे मिटलेत, श्वास हळू चाललाय, अगदी बाबांनी शिकवला तसा. कमी येऊ दे, कुणीतरी आत पुटपुटत होतं. एवढ्या वेळी कमी येऊ दे.

भिंत त्यांची नव्हती, माझी होती... हे इतके दिवस सूड शिजवताना कसं सुचलं नाही?

बाईंनी यंत्र किंचित सरकवलं. तिनं डोळे उघडले नाहीत. खुर्चीतून बाबांचा श्वास ऐकू येत होता, आणि तोही तिच्याच तालात मोजून चालला होता, याचा तिला विलक्षण राग आला.