मिजेटचे पुढचे शॉकॲब्सॉर्बर

गाडी विकायची, असं बाबांनी जेवताना जाहीर केलं आणि ताकाची वाटी पुढे केली. रद्दी घालायची असती तरी याहून जास्त चर्चा झाली असती.

बाबा म्हणजे माझे सासरे, शरच्चंद्र. गाडी म्हणजे त्यांची एमजी मिजेट. दोन माणसांची, कापडी हुडाची, गडद हिरवी, वयाने माझ्याहून मोठी. नोकरीला लागल्यावर त्यांनी ती कुणा साहेबाकडून जुनीच घेतली होती. नागरवाड्यातून आमचं घर अलकापुरीत आलं तेव्हा देवांच्या आधी गाडी आली, असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आजही सांगतात. पहिल्यांदा सांगावं तशा रागाने सांगतात.

"रविवारी हालोलहून विक्रमसिंह येतोय बघायला," बाबा म्हणाले. "माणूस चांगला आहे. सांभाळेल."

"पण का विकायची?" मी विचारलं.

"कंबर," ते म्हणाले.

ते खरं होतं. मिजेट आधीच जमिनीला पोट लावून चालणारी, त्यात पुढचे शॉकॲब्सॉर्बर म्हातारे झालेले. त्यांच्यातून तेल पाझरायचं. सोसायटीच्या फाटकातल्या गतिरोधकावरून गेलं की गाडीचं नाक पाळण्यासारखं झुलत राहायचं आणि प्रत्येक दणका थेट बाबांच्या मणक्यात जायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक तर गाडी सोडा, नाहीतर चालणं सोडा.

माझा नवरा अनीश "बरं" म्हणाला आणि त्याने अजून एक पोळी घेतली. गाडी म्हणजे चाकं लावलेला एसी, अशी त्याची समजूत आहे. मी मात्र ताकाची वाटी बाजूला सारली. माझा राग लपत नाही. नाकाचा शेंडा आधी लाल होतो, मग तोंड सुटतं.

कारण मला ती गाडी चालवायची होती. एवढीच गोष्ट आहे, उगाच फिरवून सांगत नाही. मी प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीतली मुलगी. माझे वडील डिझेल शेडमध्ये होते, आमच्याकडे पाने आणि पळ्या एकाच खणात असायच्या. पुढे मी मेकॅनिकल केलं, आता पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाच्या परतभेटीला मी या घरी आले तेव्हा आधी पोर्चमधली गाडी बघितली, मग अनीशला. दोन्ही पसंत पडले. अनीश मिळाला. गाडीचं तेल मी बदललं, प्लग मी साफ केले, कार्बोरेटर मी खोलला आणि मी बसवला. चालवली मात्र एकदाही नाही. "गाडीला एकच हात हवा," हा बाबांचा कायदा. जुन्या गाड्यांच्या रॅलीत त्यांच्या शेजारी मी बसायची, कारण आईंना वारा सोसत नाही आणि अनीशला ऊन.

"विकू नका," मी म्हणाले. "रविवारपर्यंत मी पुढे नवे शॉकॲब्सॉर्बर बसवते. मग कंबर काय म्हणते ते बघा."

"नवे म्हणजे? ओरिजिनल मिळत नाहीत."

"ओरिजिनल नाहीत. आताच्या पद्धतीचे, उभ्या नळीचे."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी सत्यनारायणाच्या प्रसादात अंडं घालायचं म्हणाले होते. त्यांचं म्हणणं पडलं, की मग ती मिजेट राहणारच नाही. मी ताटावरच समजावून सांगितलं. या गाडीत जुना शॉकॲब्सॉर्बर नुसता दणके झेलत नाही, त्याचा दांडा चाकाला वरून धरूनही ठेवतो. तो काढता येत नाही, काढायचाही नाही. तो राहील, फक्त दणके झेलायचं काम नव्या नळीकडे जाईल. एक भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही. उद्या नको वाटलं तर सगळं काढून पहिल्यासारखं.

"म्हणजे जुन्याला रिटायर करायचं, पण घरातच ठेवायचं," बाबा म्हणाले.

"हो. मानाने."

हे त्यांना पटलं. स्वतः रिटायर झालेल्या माणसाला पटणारच.

"पण सामान रविवारपर्यंत येणार कुठून?"

"आलंय," मी म्हणाले. "साड्यांच्या कपाटात आहे. दिवाळीच्या आधीच मागवलं होतं."

अनीशचा घास हातात राहिला. आई हसल्या, पण पदराआड.

नंतर ओट्याशी आईंनी मला गाठलं. "मोहना, तू हुशार आहेस, पण कधी कधी अगदीच भोळी. अगं, गाडी विकली तर तुझ्या हातून गेली. आणि बरी झाली तर? तर हेच चालवणार ने! तुला काय मिळणार? डावी सीट."

मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. इतका साधा हिशोब मला सुचला नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहीर मीच खणायला निघालेली.

"आधी गाडी वाचू तर द्या," मी म्हणाले. "पुढचं पुढे बघू."

"पुढचं पुढे म्हणता म्हणता माझे केस पिकले," आई म्हणाल्या आणि दूध तापवायला लागल्या.

शनिवारी कॉलेजला सुट्टी होती. मी जुना सलवार-कमीज चढवला, पुढून गाडी उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या आणि चाकं काढली. बाबा वेताची खुर्ची घेऊन शेजारी बसले. काम मी करत होते आणि पहिल्यांदाच पाने ते देत होते. मागेन तो सोडून दुसरा देत होते.

"बाबा, हा नाही, रिंगचा."

"आमच्या वेळी यानेच व्हायचं."

"म्हणूनच बोल्टचे कोपरे झिजलेत."

त्यानंतर पाने बरोबर यायला लागले.

डावी बाजू लोण्यासारखी झाली. उजव्या बाजूचा एक बोल्ट मात्र अडून बसला. तेल सोडलं, थांबले, ठोकला, पुन्हा तेल सोडलं. बाबा म्हणाले, राहू दे, नशिबात नाही. मी म्हणाले, नशिबाचा आणि गंजाचा काही संबंध नाही. पान्याला पाइपचा तुकडा लावून जोर दिला तेव्हा तो असा करकरला, की आई आतून धावत आल्या. निघाला. निघणारच होता. मग नवी ब्रॅकेट नीट टेकेना, कारण बाबांनी वर्षानुवर्षं मायेने रंगाचे थर चढवले होते. ते खरवडताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून मी त्यांना चहा सांगायला आत पाठवलं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही लाल नळ्या आपापल्या जागी उभ्या राहिल्या. चाकं चढवली, गाडी घोड्यांवरून उतरवली. मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो का लपवू? काम देखणं झालं होतं.

बाबांनी वाकता येईल तेवढं वाकून पाहिलं. "हे बोल्ट नुसते हाताने लावलेत. आवळत का नाहीस?"

"उद्या. ते असे आवळायचे नसतात." नळीच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. "उपाशीपोटी नाडी गच्च बांधली, तर जेवल्यावर काय होतं? तसं. म्हणून गाडी जमिनीवर हवी. आणि ही गाडी इतकी हलकी, की चालवणाऱ्याचं वजन सीटवर हवं. मग आवळायचे. नळीवरचा कडक-मऊ करायचा खटकाही त्याच वजनाला लावायचा."

"मग मी उद्या बसतो," बाबा म्हणाले. सहज म्हणाले. पाणी प्यायला जातो म्हणावं तसं.

मी पाने पुसत राहिले. आईंचं म्हणणं असं समोर येऊन उभं राहिलं, आणि मला रडू येईल की काय असं वाटलं. आलं नाही. राग आला, ते बरं झालं.

रविवारी विक्रमसिंह सांगितल्याच्या आधीच आले. उंच, धिप्पाड, मिशांना पीळ, हातात पेढ्यांचा डबा. "केम छो, मोहनाबेन," म्हणत सरळ गाडीकडे गेले. या माणसाला गाड्या कळतात, हे मला कबूल आहे. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं नाही. पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवले, सगळा भार टाकून दाबलं आणि सोडलं. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. झुलली नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"अरे वाह! आ कोणे कर्युं?"

"आमच्या मोहनाने," बाबा म्हणाले. आवाजात अभिमान होता, आणि तो ऐकून मला आणखीच राग आला.

"शरदभाई, हवे तो लेवी ज पडशे. एक चक्कर मारी लऊं?"

आता ते गाडी घ्यायचीच म्हणून चक्कर मारायला निघाले, तशी मी मध्ये पडले. अजून बोल्ट आवळायचे आहेत, चालवणारा सीटवर बसल्याशिवाय ते आवळता येत नाहीत, असं त्यांना गुजरातीत समजावलं. त्यांचा चेहरा खुलला.

"एमां शुं वांधो? हुं बेसी जऊं!"

आणि त्यांनी दार उघडून एक पाय आत टाकलासुद्धा. गाडी त्या पायाखाली उजवीकडे कलली.

"नहीं!" मी ओरडले.

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबल्या. विक्रमसिंह एक पाय आत, एक बाहेर, तसेच राहिले. मी बाबांकडे वळले. माझं नाक लाल झालं असणार, पण आता त्याला इलाज नव्हता.

"बाबा, ज्याच्या वजनावर हे बोल्ट आवळायचे, त्याने ही गाडी चालवायची. यांना बसवायचं तर बसवा, गाडी तुमची आहे. तुम्हाला बसायचं तर तुम्ही बसा, मी मुकाट्याने आवळून देईन. पण एकदा स्पष्ट सांगते, मग पुन्हा सांगणार नाही. मला ही गाडी चालवायची आहे. पुसायची नाही, तेल बदलायचं नाही, शेजारी बसायचं नाही. चालवायची आहे. मी या घरात आले त्या दिवसापासून."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ग्रीसने काळ्या झालेल्या हातांकडे. मला वाटलं, झालं, संपलं. आता आत जातील आणि संध्याकाळपर्यंत बोलणार नाहीत. त्यांना मोठ्याने बोललेलं खपत नाही, आणि परक्या माणसासमोर तर मुळीच नाही.

"मोहना," ते म्हणाले, "तुझं वजन किती?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सासऱ्याने सुनेला हे विचारायचं, तेही पाहुण्यासमोर! विक्रमसिंहांनी पाय बाहेर घेतला आणि ते शेजारच्या कंपाउंडमधल्या आंब्याकडे फार लक्ष देऊन बघू लागले.

"एकसष्ट," मी म्हणाले.

"सहासष्ट," दारातून आई म्हणाल्या. "मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे मी बरोबर होते."

"सहासष्ट धरतो," बाबा म्हणाले. "कडक लागायला नको तुला. तो खटका कुणीकडे फिरवायचा?"

मी दाखवलं. मग त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला, आईंकडून स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल मागवलं आणि चाकाशी बसले. "विक्रमभाई, माफ करजो. गाडी आपवानी नथी. पण सेवउसळ खाईने ज जजो."

विक्रमसिंह हसले. गाडी मिळणार नाही याचं त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसलं. पण त्यांनी बाही वर केली आणि बॅटरी घेऊन ते बाबांना उजेड दाखवायला वाकले.

मी सीटवर बसले. पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट पुढे ओढली तर ती हलेना, बाबांच्या मापाला ती जागच्या जागी धरून बसली होती. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा कुरकुरत पुढे आली. बाबा म्हणाले, "स्टीअरिंग पूर्ण डावीकडे," मी फिरवलं. मग "उजवीकडे," मी फिरवलं. एकेक बोल्ट आवळला जाताना गाडीतून बारीकशी थरथर माझ्या तळव्यांपर्यंत येत होती. मी फार शांत होते. इतकी शांत मी सहसा नसते.

बाबा कमरेवर हात ठेवून उठले, पाना आईंच्या हातात दिला आणि गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आले. तिथून ते कधी आत शिरलेच नव्हते, आधी डोकं घालावं की पाय, ते त्यांना सुचेना. शेवटी बसले.

मी गाडी सुरू केली. फाटकातल्या गतिरोधकावर आम्ही चढलो आणि उतरलो. नाक एकदा खाली गेलं, वर आलं, बस. मी बाबांकडे पाहिलं. कंबर काही म्हणत नव्हती.

जुन्या पादरा रोडला लागल्यावर मी तिसरा गिअर टाकला. बाबांचा उजवा हात गिअरकडे आला, मागे गेला, डॅशबोर्डवर टेकला, तिथूनही उचलला. डाव्याचंही तेच. दोन्ही हात हवेत धरून ते अवघडून बसले होते.

"हात कुठे ठेवू ग?" त्यांनी विचारलं.

"मांडीवर," मी म्हणाले. "मी इतकी वर्षं तिथेच ठेवलेत."