डोळे कुठे झाकावेत

कालिंदी सिनेमाबद्दल जे काही शिकली, ते तिकीट-खिडकीच्या जाळीमागे बसून. गिरगावातल्या एका थिएटरात तिने बावीस वर्षं तिकिटं विकली. आईबाप खिडकीत वाकून विचारायचे, "बाई, पोरांना चालेल ना?" कालिंदीने तो सिनेमा दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत, उभ्याने आणि बहुतेक वेळा शेवटाकडून सुरुवातीकडे पाहिलेला असायचा. ती सांगायची, "चालेल. पण मध्यंतरानंतर दहा मिनिटांनी पोरीला पाणी प्यायला बाहेर न्या."

थिएटर पाडलं, खिडकी गेली. सल्ला मात्र उरला. दादरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाचे संपादक हेमचंद्र कधीकाळी त्याच खिडकीत वाकलेले होते. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "जाळीतून सांगत होतात तेच कागदावर सांगा." तेव्हापासून दर शुक्रवारी 'सहकुटुंब' हे सदर, आणि त्याच्या पायथ्याशी एक छोटी चौकट: 'डोळे कुठे झाकावेत'. चौकटीत मिनिटं दिलेली असत. लोक ती कापून पाकिटात घालून नेत. एकदा प्रभादेवीला कालिंदीने स्वतः पाहिलं होतं. बरोबर अठ्ठाविसाव्या मिनिटाला सगळ्या ओळींतून आयांचे हात पोरांच्या डोळ्यांवर गेले, कवायतीत जावेत तसे. त्या दिवशी तिला आपण कोणीतरी आहोत असं वाटलं होतं. घरी येऊन तिने साबुदाण्याची खिचडी केली होती, उपास नसताना.

मे महिन्यात समुद्री चाच्यांचा सिनेमा आला. नाव लांबलचक इंग्रजी होतं. पोरं त्याला नुसतं 'तिरपी टोपी' म्हणत, कारण त्यातला कप्तान कितीही मारामारी झाली तरी टोपी सरळ करत नसे. दोरांना लोंबकळणारी माणसं, तोफा, नकाशा आणि एक बोकड. सुट्टीत आईबापांना याहून जास्त काय हवं?

सिनेमा लागायच्या आधी, मंगळवारी, नेरिसा आली. कालिंदीच्या चाळीच्या मागे खोताची वाडी, तिथल्या लाकडी जिन्याच्या घरात ती राहायची. एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"ताई, तो पायरेट्सचा पिक्चर. तुम्ही बघणार ना?"

"उद्या दाखवतायत आम्हाला."

"सॅशा हट्ट धरून बसलीय. सासू म्हणते, तुला अक्कल हाय का नाय, ह्या पिक्चरला नेते पोरीला. तुम्ही बघून सांगा. नेऊ का नको?"

"शुक्रवारी पेपरात येईलच की."

"पेपरात सगळ्यांसाठी येतं," नेरिसा म्हणाली. "मला सॅशासाठी पायजे."

सॅशा आठ वर्षांची. तिचा बाप डॅरेन तेलाच्या जहाजावर, टँकरवर, सेकंड इंजिनिअर. ऑक्टोबरात आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून लांब, भर दुपारी, त्या टँकरवर एका छोट्या बोटीतून माणसं चढली. त्यांच्या डोक्यावर टोप्या नव्हत्या, पायांत रबरी चपला होत्या. त्यांच्या ताब्यातून पहिले दोन महिने डॅरेनचे फोन आले, मग थांबले. वाडीतल्या क्रूसापाशी रोज संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली. सुरुवातीला चाळीस माणसं यायची. आता सहा यायची. त्यातली एक कालिंदी, जिला येशूबद्दल फारसं ठाऊक नव्हतं, पण अर्धी प्रार्थना पाठ झाली होती.

आणि कालिंदीला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी नेरिसाला ठाऊक नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी डॅरेनचा मोठा भाऊ वॉरेन तिच्याकडे आला होता. फोर्टमधल्या ऑफिसातला सरळ, मोजकं बोलणारा माणूस. खुर्चीच्या कडेवर बसला, चहा गार होऊ दिला, आणि मग म्हणाला, "कालिंदीताई, दोन खलाशी सुटून आले. मी भेटलो त्यांना. डॅरेनला ताप आला होता. औषध नव्हतं. फेब्रुवारीतच गेला तो."

"कंपनी काय म्हणते?"

"कागद येत नाही तोवर कंपनी काही म्हणत नाही. पण त्या दोघांनी त्याला चादरीत गुंडाळलं स्वतःच्या हातांनी." त्याने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "तुम्ही सांगा ना नेरिसाला. तुम्हाला शब्द येतात."

शब्द येतात! कालिंदीला त्या क्षणी एवढंच कळलं, की लोक शब्द येणाऱ्या माणसाला गटार उपसणाऱ्यासारखं बोलावतात. तरी ती हो म्हणाली. मग सॅशाची परीक्षा होती, मग नेरिसाचा वाढदिवस होता, मग नेरिसाला सर्दी झाली. एका मंगळवारी तर नेरिसाने नुकतेच केस धुतले होते, हे कारणसुद्धा कालिंदीला पुरलं.

बुधवारी लोअर परळच्या थिएटरात पत्रकारांचा खेळ झाला. कालिंदी नेहमीसारखी कडेच्या खुर्चीत, मांडीवर वही, मनगटावर जुनं घड्याळ. अंधारात लिहायचं म्हणून ती अक्षरं मोठी काढायची, एका पानावर चार ओळी. सिनेमा बरा होता. एक मुलगी असते, तिचा बाप नकाशे काढणारा, त्याला दुष्ट चाचे पळवून नेतात. मुलगी चांगल्या चाच्यांच्या जहाजावर चढते. चांगले चाचे म्हणजे कसे, तर तेही लुटतात, पण हसत हसत. बोकड जहाजाचा नकाशा खातो. कालिंदी दोनदा मोठ्याने हसली आणि शेजारचा तरुण समीक्षक तिच्याकडे दयेने बघत राहिला.

मध्यंतरानंतर सतराव्या मिनिटाला जहाजाच्या पोटातले कैदी दाखवले. साखळ्या, उंदीर, लाकडावर ओरखडून मोजलेले दिवस. कालिंदीने लिहिलं: म. नंतर १७, चार मिनिटं. हे तिचं रोजचं काम होतं.

मग शेवट आला. पहाट, ओल्या वाळूचा किनारा, मुलगी एकटी उभी, आणि लांबून एक होडी. होडीत कोणीतरी उभं राहिलं. संगीत चढायला लागलं. आणि कालिंदीच्या लक्षात आलं, की सॅशापासून झाकायला हवं ते हे. साखळ्या नव्हेत, उंदीर नव्हेत. होडी.

तिने डोळे मिटले. सदराच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा, स्वतःचे. दिवे लागले तेव्हाच उघडले.

रात्री जेवायच्या आधी ती लिहायला बसली. 'मध्यंतरानंतर १७ वं मिनिट' हे चौकटीत गेलं. पुढची ओळ लिहायची तर काय लिहायची? 'शेवटी बाप परत येतो, तेव्हा डोळे झाकावेत'? कोणाचे? आणि नेरिसाने विचारलं, का झाकायचे, तर? ती ओळ नेरिसाला सांगायची म्हणजे सगळंच सांगायचं. कालिंदीने पेन खाली ठेवलं.

हेमचंद्रांचा फोन आला. "बाई, मजकूर?"

"देते. शेवटाचं अडलंय."

"शेवट आपण सांगत नाही, हा तुमचाच नियम. 'सहकुटुंब पाहावा' लिहा आणि मोकळ्या व्हा."

तिने तसंच लिहिलं. मोकळी काही झाली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी नेरिसा कापलेली चौकट घेऊन हजर. "म्हणजे नेऊ? एवढंच एक ठिकाण?"

कालिंदी म्हणाली, "नेरिसा, जरा आत ये. बस."

नेरिसा बसली नाही. "रविवारी बाराचा शो बघून ठेवलाय. तुम्ही पण चला ना ताई. तुम्हाला मिनिटं माहीत." आणि ती इतकी पटकन जिना उतरली, की कालिंदीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

रविवारी मधे सॅशा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला कालिंदी. थिएटर पोरांनी भरलेलं. बोकडाने नकाशा खाल्ला तेव्हा एवढा गलका झाला, की पुढचे चार संवाद कोणालाच ऐकू आले नाहीत. सॅशा मात्र हसत नव्हती. ती पुढे झुकून, हनुवटी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवून, अभ्यासाला बसल्यासारखी बघत होती.

"मजा नाही येत?" कालिंदीने विचारलं.

"श्शू. मी बघतेय ना आंटी."

मध्यंतर झालं, पॉपकॉर्न झालं. सोळावं मिनिट लागलं तशी कालिंदीने पोरीच्या डोक्यावरून हात नेऊन नेरिसाच्या खांद्याला लावला. हॉलभर आयांची चुळबुळ सुरू झालीच होती. नेरिसा हलली नाही.

"नेरिसा, आता."

"राहू द्या ताई. बघू दे तिला. एवढं तिला माहीत आहे."

पडद्यावर साखळ्या वाजल्या. सगळ्या ओळींतून हात पोरांच्या डोळ्यांवर गेले. त्या अख्ख्या थिएटरात बहुधा एकच पोर उघड्या डोळ्यांनी ते बघत होती, आणि तिची आईही. नेरिसाचे ओठ हलत होते. कालिंदीला वाटलं प्रार्थना असेल. नीट ऐकलं तर ती लाकडावरचे ओरखडे मोजत होती.

मग तलवारी झाल्या, तोफा झाल्या, दुष्ट कप्तान पाण्यात पडला. पहाट झाली. ओली वाळू. मुलगी एकटी.

नेरिसा उठली.

"चल सॅशा."

"ममा! संपत नाही अजून!"

"चल म्हटलं ना. टॉयलेटला जाऊन येऊ."

"मला नाही लागली!"

नेरिसाने पोरीच्या दंडाला धरलं आणि लोकांच्या गुडघ्यांवरून, सांडलेल्या पॉपकॉर्नवरून, शिव्या खात तिला ओढत नेलं. पोरगी मान मागे वळवून पडद्याकडे बघत होती. आईने दुसरा हात तिच्या डोळ्यांवर ठेवला. चौकटीत हे मिनिट नव्हतं. हॉलमध्ये दुसरा एकही हात वर गेला नाही.

कालिंदी त्या दोघींकडे बघत राहिली, दार बंद होईपर्यंत. मागे पडद्यावर होडी आली असावी, कारण पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या, कोणीतरी खुर्चीवर उभं राहून नाचलं.

ती बाहेर आली तेव्हा नेरिसा बायकांच्या टॉयलेटच्या दाराशी भिंतीला टेकून उभी होती. आतून सॅशाच्या रडण्याचा आणि नळाचा आवाज येत होता.

"तोंड धुतेय," नेरिसा म्हणाली. मग कालिंदीकडे न बघता, "वॉरेनने तुम्हाला सांगितलं ना?"

कालिंदीला शब्द येतात अशी तिची ख्याती होती. ती नुसती नेरिसाशेजारी भिंतीला टेकली.

"मला नाही सांगितलं त्यानं. पण डॅरेनची स्कूटर आहे ना जिन्याखाली, ती तो दर शनिवारी पुसायचा. किक मारून दोन मिनिटं चालू ठेवायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. डॅरेन आला की लगेच चालायला पायजे, म्हणायचा." तिने नाक पुसलं. "गेल्या महिन्यात एका शनिवारी नाही केली. म्हटलं विसरला. दुसऱ्या शनिवारी पण नाही. मी वर खिडकीत बसून वाट बघत होते, किक मारेल म्हणून. तिसऱ्या शनिवारी मीच खाली जाऊन मारली. चालू नाही झाली."

"नेरिसा, मी येणार होते सांगायला. रोज येणार होते."

"माहीत आहे. म्हणून तर मी बसत नव्हते तुमच्याकडे. बसले असते तर सांगितलं असतं तुम्ही." मग हळूच म्हणाली, "कधी?"

"फेब्रुवारीत. ताप होता. दोघं होते त्याच्यापाशी. चादरीत गुंडाळलं."

नेरिसाने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "फेब्रुवारीत मी त्याच्या नावानं केक केला होता," ती म्हणाली. "बर्थडेचा. वाडीत वाटला सगळ्यांना."

खेळ सुटला. पोरं दारातून भसाभसा बाहेर पडली, कागदाच्या टोप्या तिरप्या करून एकमेकांना तलवारी भोसकत. त्यांच्या लोंढ्यात सॅशा टॉयलेटमधून बाहेर आली. चेहरा ओला, फ्रॉकची कॉलर ओली. आईकडे तिने पाहिलंच नाही, सरळ कालिंदीसमोर येऊन उभी राहिली.

"आंटी, तू होतीस ना आत? शेवटपर्यंत?"

"होते."

"तो येतो, ते माहीत आहे मला. आमच्या वर्गातल्या श्रेयाने सांगितलं. ती पहिल्याच दिवशी बघून आली. बोटीतून येतो तिचा डॅडा." ती थांबली, श्वास घेतला. "पण श्रेयाला आठवत नव्हतं आल्यावर ती मुलगी काय बोलते. म्हणून मला बघायचं होतं. पहिल्यांदा काय बोलायचं असतं ते."

नेरिसा भिंतीकडे वळली.

कालिंदीला काहीतरी रचून सांगता आलं असतं. बावीस वर्षं तिने अर्धवट पाहिलेले सिनेमे खिडकीतून अख्खे सांगितले होते. पण समोर उभ्या असलेल्या पोरीने ते पाठ केलं असतं, आणि पुढे कितीतरी वर्षं बाळगून ठेवलं असतं, वापरायची वेळ यायची म्हणून.

"मला नाही माहीत गं," ती म्हणाली. "दोनदा पाहिला मी. दोन्ही वेळा तेवढंच नाही पाहिलं."

सॅशा तिच्याकडे बघत राहिली, खोटं बोलणाऱ्या मोठ्या माणसाकडे बघावं तशी.

"मग तू पेपरात लिहिलंस कसं," तिने विचारलं, "सगळ्यांनी बघा म्हणून?"