कल्हईच्या पुंगळ्या

आणीबाणी उठली त्या साली बोडीच्या तळ्याखालच्या धानाच्या बांधीत मी हट्टानं वासाचा चिन्नोर लावला. लेक नवीनच सासरी गेली होती. जावई अन् इहीणबाई संक्रांतीले पहिल्यांदा जेवाले येणार होते. लग्नातच इहीणबाई बोलली होती, "तुमच्या अड्याळकडे वासाचा तांदूळ पिकते म्हणतात, आमाले तं ताटात दिसला नाही." ते मले लय लागलं होतं.

धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या अन् रानडुकरं सुरू झाली. घरात सासऱ्याची रायफल होती, शेतराखणीचा परवाना होता, अन् आमचे हे होते. हे म्हणजे यादोराव. नाव घ्या लागून राहिलं, देवा माफ कर.

"अजी, एक बार काढा ना. नुसत्या आवाजानं पळतीन," मी म्हटलं.

"अवं, आवाज कराले फटाके असतेत. रायफल नेमासाठी असते. अन् नेम बंदुकीत नसते, पितळेत असते!"

झालं! नवीन काडतुसं भेटत नव्हती, म्हणून सासऱ्याच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यायत पुन्हा दारू-गोळी भराची होती. ह्यायनं टोपलीभर पुंगळ्या अंगणात ओतल्या अन् निवडाले बसले. मले पाहाले आले तवा इतकं पाहिलं नव्हतं. एकीले टिचकी मारून कानाशी धरत, "ही बद्द बोलते." दुसरीच्या तोंडातून उजेड पाहात, "ही वाकडी." उरलेल्या सोनाराकडे गुंजेनं तोलाले नेल्या. सोनार म्हणे, "यादोराव, वहिनीले हार कराचा हाय का?" इकडे डुकरायले तराजू लागत नव्हता. रोज सांजेले येत अन् बांधीचा एकेक कोपरा साफ करून जात.

शेवटी पाच पुंगळ्या पास झाल्या. काळ्या पडल्या होत्या, मी चिंचेनं घासून देल्या. तेवढ्यात दारावर कल्हईवाला आला, माझी भांडी घेऊन बसला. ह्यायचे डोळे चमकले.

"यायले बी आतून-बाहेरून कल्हई कर. बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकते, तं दारू नाही का कळकणार?"

कल्हईवाल्यानं पुंगळी उलटीपालटी करून पाहिली. "मालक, यात शिजवणार काय?"

"डुक्कर," हे म्हणाले.

पुंगळ्या भरून सांजेले आमी बांधावर गेलो. डुकरं आली, पिलं-गिलं घेऊन, घरच्यावानी. ह्यायनं पुंगळी रायफलीत घातली, जाईना. कल्हईनं जाड झाली होती. दुसरी, तिसरी, चवथी, तोच तमाशा. "थांब, ही सोनारानं बी वाखाणली होती!" म्हणून पाचवी ठोकली, ती अर्ध्यात अडकली.

समोर डुकरं माझा चिन्नोर कचाकचा चावून राहिले होते. मले रडू बी आलं अन् संताप बी. भाकरी आणलेली माहेरची पितळी परात होती. भाकरी फेकल्या अन् विळ्याच्या मुठीनं परात अशी बडवली का डुकरं बोडीपार! मंग कापणीपर्यंत रोज सांजेले मीच बडवली. परातीले पोचे पडले, पण अर्धी बांधी वाचली.

संक्रांतीले चिन्नोर शिजला, घरभर वास सुटला. इहीणबाईनं घास घेतला अन् आणखी भातासाठी ताट पुढं सरकवलं. माझं पोट तिथंच भरलं. तेवढ्यात आमचे हे जावयाले म्हणतात, "बंदुकीचा धाक हो! नाही तं दाणा घरी आला नसता. पितळ निवडाले नजर लागते."

मी आत गेली, अन् येऊन ह्यायच्या ताटात भाताच्या जागी पुंगळ्या वाढल्या.

"चारच हायेत. पाचवी अजून बंदुकीत अडकून हाय. जेवा निवांत, कल्हई केली हाय, पोटात कळकणार नाहीत."