जॉन हॅलेटचं जन्मगाव

बीडमधल्या आमच्या ऑफिसात आम्ही इंग्रजांचे पूर्वज शोधून देतो. हसू नका. इंग्लंडातल्या गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि मयत यांची नोंद शेकडो वर्षं वहीत होत आली. त्या वह्यांचे फोटो आमच्या स्क्रीनवर येतात आणि पाद्रीबुवांनी उमटवलेले कोंबडीचे पाय मी वाचते. मी, दीपमाला, वडवणी तालुक्यातल्या ऊसतोड्याची पोरगी. ते अक्षर माझ्याइतकं चटकन ऑफिसात कुणालाच लागत नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

जॉन हॅलेटनं मात्र माझा घाम काढला. त्याच्या वंशातले एक एक्क्याऐंशी वर्षांचे आजोबा त्याचे आईबाप शोधत होते. जॉनचं लग्न हार्टल गावात, मयतही तिथंच, जन्म मात्र कुठंच नाही. माझ्याआधी दोघांनी हात टेकले होते.

"आज संध्याकाळी 'सापडत नाही' लिहून फाईल बंद कर," आमचे गहिनीनाथ सर म्हणाले. म्हातारा आपलं मूळ न कळताच जाणार, या विचारानं मला चीड आली.

त्याच दुपारी माझी माय, साखराबाई, भाकरी-ठेचा घेऊन आली. शेजारच्या खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली.

"काय धुंडतीस एवढं?"

मी सांगितलं.

"बाप काय करायचा त्याचा?"

"माहीत न्हाई. तिथले बहुतेक मजूरच."

"मग गावात काहून धुंडतीस? काम जिकडं, बाळंतपण तिकडं." मग तिचा आवाज एकदम खाली गेला. "तू न्हाई का झालतीस कराडकडं, उसाच्या फडात? सायबाला सांगू नको."

माझा जन्म बीडच्या दवाखान्यातला, असंच ती आजवर सगळ्यांना सांगत आली होती.

मी हार्टलची वही पुन्हा उघडली. सप्टेंबरच्या एका पानाच्या कडेला पाद्रीबुवांनी वैतागून लिहिलं होतं की निम्मं गाव हॉप तोडायला दूर केंट परगण्यात गेलंय, प्रार्थनेला कुणी नाही. हॉप म्हणजे बिअरमध्ये घालतात ती वेलीवरची फुलं. त्या ओळीत नाव नव्हतं, म्हणून तीन दिवस मी ती ओलांडून जात होते. ऊसतोड्याची पोर असून! माझाच मला राग आला.

केंटच्या वह्या काढल्या. चौथ्या गावात तो सापडला. सन १७९७. 'जॉन, हॉप तोडायला आलेल्या विल्यम व मेरी हॅलेट, राहणार हार्टल, यांचा मुलगा. जन्म मळ्यातल्या गोठ्यात.'

मी ओरडलेच. सर धावत आले.

अहवालात 'शोधाचा आधार' असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं: साखराबाई, ऊसतोड कामगार, वडवणी.

"हे काय? काढ ते," सर म्हणाले.

"नाही काढणार. आपल्या कुणाला सुचलं नाही ते हिला सुचलं."

सरांनी आधी नोंदीकडे पाहिलं, मग मायकडे. रकाना तसाच राहिला.

"मावशी, तुम्हाला कसं कळलं हे?"

मला वाटलं, आता ही तोंडाला पदर लावणार. पण ती खुर्चीत मागे सरकली आणि चांगली टेकून बसली.

"कळायचं काय त्यात? ही माझी दीपी फडातच झाली की. उसाच्या मोळ्यांच्या आडोशाला. तिसऱ्या दिवशी मी परत मोळ्या बांधल्या." अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "लिवा ते बी."