बसून राहणारी शेळी

पडद्यावर प्रश्न उभा होता : 'जुनी आवृत्ती पुसून नवी बसवायची?' खाली 'हो' आणि 'नाही'. सुवर्णाचे बोट माऊसवर थांबले होते. मागे सायबर कॅफेचे मालक कारभारीभाऊ पडद्याकडे वाकून उभे होते. ज्याला पुसायचे, तो मी.

मित्रांनो, मी एक जुना संगणक-खेळ आहे. भाजीबाजारातून एका शेळीला पलीकडे न्यायचे, एवढाच माझा डाव. पण शेळी मनास येईल तेथे बसते. मग कितीही कळा दाबा, उठत नाही.

सुवर्णाने मला १९९८ साली घडवले. तिची आई कुसाबाई बुधवारी नदीकाठच्या आठवडी बाजारात पालेभाजी विकायची. खेळणारे आपापल्या फ्लॉपी तेथेच आणून देत आणि पुढच्या बुधवारी नवी आवृत्ती नेत. मेथीच्या जुडीवर चार काड्या कोथिंबीर फुकट घालावी, तशी सुवर्णा दर खेपेला माझ्यात काहीतरी वर घालायची. एकदा शेळीला खोकला दिला. एकदा आईच्या शिव्या. "माझीच जुडी दिसती का गं तुला, भवाने?" शेळीने भाजीला तोंड लावताच हे पडद्यावर उमटले, तेव्हा बाजार हसला होता.

पुढे फ्लॉपींना बुरशी लागली, झगमगते खेळ आले. मी उरलो तो या एका संगणकात. आता कारभारीभाऊंनी पुण्याचे गिऱ्हाईक आणले आहे. त्याच्यासाठी सुवर्णाने लिहिलेल्या नव्या आवृत्तीत शेळी हुकूम पाळते. खोकत नाही. शिव्या गाळल्या आहेत.

"लोकांना पळणारी शेळी पाहिजे, सुवर्णाताई. ही मधेच फतकल मारती!" कारभारीभाऊ म्हणाले.

दारात भाजीची पाटी टेकवून बसलेल्या कुसाबाई फिसकन हसल्या. "ऊठ म्हनल्यावर उठंल, ती शेळी कसली? कुत्रं झालं ते!"

मी बदलाला भीत नाही. दर बुधवारी मी बदललो आहे. पण वाढणे वेगळे, वाकणे वेगळे. मित्रांनो, जुनी वस्तू सांभाळायची म्हणजे तिला घासून गुळगुळीत करायचे नसते. तिचा खोकलाही सांभाळा. नाहीतर सरळ पुसून टाका. मी गयावया करणार नाही.

"मग, पुण्याला काय कळवू?" कारभारीभाऊंनी विचारले.

सुवर्णाने माऊसवरचे बोट उचलले. आईची रिकामी पाटी काखोटीला मारली, आईला हात दिला, आणि ती उन्हात चालू लागली. 'हो' आणि 'नाही' यांच्या मधोमध, पाय दुमडून, मी बसून राहिलो.