दोन्ही बाजू सुलट्या

सहादू पगारे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता. थंडीच्या दिवसांत कंपनीच्या बसची वाट पाहत तो कॉलनीच्या कोपऱ्यावर उभा राहायचा, तेव्हा त्याच्या गळ्यात बाटलीहिरव्या लोकरीचा मफलर असायचा. त्याच्या बायकोनं, झुंबरनं, तो क्रोशावर विणला होता. मफलर देखणा होता. उभ्या उठावदार रेघा आणि मधे नाजूक जाळी. पण गळ्याला वेढा घेतला की एक टोक सुलटं आणि दुसरं उलटं पडायचं. उलट्या बाजूला रेघा आत दबलेल्या, जाळी भोंगळ. बससाठी शेजारी उभा राहणारा चंदर रोज न चुकता म्हणायचा, "पगारे, आज पण उलटाच गुंडाळला का?"

हे शहात्तर सालच्या डिसेंबरातलं. एका संध्याकाळी सहादूनं मफलर काढून झुंबरच्या मांडीवर ठेवला.

"ह्याची उलटी बाजू काढून टाक."

"काढून टाक म्हंजे? कापडाला दोन बाजू असत्यातच की."

"असू दे. पण दोन्ही सुलट्या कर. आमच्याकडं जॉब चेक करायला साहेब येतो, तो दोन्हीकडून बघतो. एकीकडून चांगला आणि दुसरीकडून कसाबसा, असा जॉब आमी देत नाय."

तो हसत म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. झुंबर मात्र मफलर उलटापालटा करत बसली. तिला ते खरंच वाटलं. उलटी बाजू कशासाठी पाहिजे?

झुंबरचं माहेर सायखेड्याचं. नदीकाठच्या मळ्यात कांदे लावण्यापासून पाणी धरण्यापर्यंत सगळं केलेली बाई. शहरात आल्यावर हात रिकामे राहिले म्हणून ती पंचवटीत वत्सलाबाईंच्या क्लासला जायला लागली. वत्सलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिवणाच्या शिक्षिका. आठवड्यातून दोन दुपारी त्या घरच्या ओटीवर बायकांना भरतकाम आणि क्रोशा शिकवायच्या. झुंबर तिथं विचारल्याशिवाय बोलायची नाही; पण विचारलं की गुळमुळीत बोलायची नाही.

पुढच्या क्लासला तिनं विचारलं, "बाई, क्रोशात दोन्ही बाजू सारख्या येतील अशी जाळी असती का?"

"नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "साध्या खांबांची येते, पण ती साधीच. उठावाची जाळी म्हटली की एक बाजू पुढं येणार आणि दुसरी मागं जाणार. त्यात काही करता येत नाही."

"करून बघू का?"

"बघ की. लोकर तुझी, हात तुझे."

झुंबरनं करून बघितलं. क्रोशात एक साधी गोष्ट असते: खालच्या ओळीतल्या खांबाला, म्हणजे उभ्या उंच टाक्याला, सुई पुढून घालून नवा खांब विणला, तर तो पुढं उठून येतो, सुई मागून घातली, तर तो मागं जातो. म्हणजे मागच्या बाजूनं पाहणाऱ्याला तोच उठावदार दिसतो. तिच्या मनात आलं, सगळे खांब पुढून घेण्याऐवजी एक पुढून घ्यावा, एक मागून घ्यावा. इकडून बघणाऱ्याला निम्मे दिसतील, तिकडून बघणाऱ्याला निम्मे. मधल्या जागेत जाळी: एकाच घरात एक खांब, एक साखळी, परत एक खांब. जाळी तर प्रत्येक ओळीला उलटत जाते, म्हणून ती दोन्हीकडे सारखीच राहणार.

वीतभर विणून झाल्यावर तिनं तुकडा जमिनीवर ठेवला. जवळजवळ जमलं होतं, पण पुरतं नाही. या बाजूनं दोन्ही कडा भरदार उठलेल्या. उलटलं की दोन्ही कडा बसक्या. तिनं तो उसवला. जाड सुई घेतली, बारीक घेतली, कडेला जादा साखळी घातली. आठ दिवसांत ती लोकर इतक्यांदा उसवली गेली की तिच्यावर लव राहिली नाही.

नवव्या दिवशी भाकरी थापता थापता ती थांबली. पिठाच्या हातानंच तिनं तुकडा उचलला आणि खांब मोजले. पंधरा. पहिला उठलेला, दुसरा दबलेला, तिसरा उठलेला, असं करत पंधरावा पुन्हा उठलेला. विषम संख्या! दोन्ही टोकांना उठावाचे खांब एकाच बाजूला जात होते. चौदा घेतले असते तर एक टोक उठलेलं, एक दबलेलं. आणि उलटल्यावरही तेच.

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती खाली काढून ठेवली, हात धुतले आणि चौदा खांब घालून बसली. विणताना तिला आणखी एक गंमत कळली. खांब सम असले की प्रत्येक ओळ मागून घेतलेल्या खांबानं सुरू होते आणि पुढून घेतलेल्यानं संपते. काम उलटायचं, परत मागून सुरू करायचं. लक्षात ठेवायला दुसरं काही नाही. सगळ्या ओळी एकसारख्या.

आठवड्याच्या आत सहादूच्या गळ्यात नवा मफलर आला. पहिल्या दिवशी चंदरनं तो वरखाली करून पाहिला. "ह्याची उलटी बाजू कुठं गेली?" त्यानं विचारलं.

"बायकोनं काढून टाकली," सहादू म्हणाला.

क्लासला नेला तेव्हा वत्सलाबाईंनी तर मफलर चारदा उलटला. मग चष्मा लावून पाचव्यांदा.

"कुठं पाहिलंस हे?"

"कुठं नाय, बाई. मोजत मोजत गेले, सापडलं."

वत्सलाबाईंनी मफलर खाली ठेवला. मग सगळ्या क्लाससमोर म्हणाल्या, "मी हिला होत नाही म्हणून सांगितलं होतं. ते चुकीचं होतं." आणि झुंबरला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हस्तकलेचं प्रदर्शन आहे. मफलर लहान वस्तू आहे, कोणी थांबून बघणार नाही. ब्लँकेट कर."

झुंबरनं मोरपंखी लोकर घेतली आणि डबल पलंगाला पुरेल एवढं ब्लँकेट घातलं. दुपारी बुद्धविहाराच्या पायरीवर बसून ती विणायची. कॉलनीतल्या बायका शेजारी बसून गव्हातले खडे निवडता निवडता बघायच्या, आणि त्यातल्या लताबाईनं तर नुसतं बघून जाळी उचललीसुद्धा. ऑगस्टात सुरू केलेलं ब्लँकेट नवीन वर्षाच्या आधी संपलं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. दारातल्या टेबलावरच्या बाईंनी झुंबरला नंबराची चिठ्ठी आणि टाचणी दिली.

"उलट्या बाजूला टाचा."

"उलटी बाजू नाय ह्याला."

"अहो, म्हणजे मागच्या बाजूला."

"मागची पण नाय," झुंबर शांतपणे म्हणाली. "तुम्ही म्हणाल ती बाजू."

त्या बाईंनी ब्लँकेट चाचपलं, दोनदा परतवलं आणि अखेर स्वतःच एका कोपऱ्यात चिठ्ठी टाचली.

अकरा वाजता परीक्षकबाई आल्या. बाहेरगावाहून बोलावलेल्या, जाणकार म्हणून नाव असलेल्या. त्या प्रत्येक वस्तू उचलून आधी मागून बघत होत्या. कारण गाठी, लोंबती टोकं, चुकलेले टाके, सगळं मागं सापडतं. मोरपंखी ब्लँकेटपाशी त्यांनी कोपरा उलटला आणि कपाळाला आठ्या घातल्या. दुसरा कोपरा उलटला.

"हे दोन पदर आहेत," त्या जाहीर म्हणाल्या. "दोन ब्लँकेटं विणून पाठीला पाठ लावून जोडलीत. जोडकाम या गटात चालत नाही."

वत्सलाबाई पुढं झाल्या. "बाई, मी स्वतः तिला विणताना पाहिलंय. एकच पदर आहे."

"तुमची विद्यार्थिनी आहे, तुम्ही म्हणणारच. क्रोशात असं येत नाही. मला तीस वर्षं झाली."

हॉलमधल्या बायका जवळ सरकल्या. झुंबरनं क्षणभर ब्लँकेटकडे पाहिलं. पाच महिन्यांचं काम होतं ते. मग ती टेबलाजवळ गेली. तिला भीती वाटली नाही, कारण त्या लोकरीचं टोकन् टोक तिला माहीत होतं.

"जोडलं असंल तर उसवताना एक पदर राहील ना, बाई?"

"राहील."

"मग बघा."

तिनं शेवटच्या ओळीचं लपवलेलं टोक शोधलं, गाठ सोडली आणि ओढलं. लोकर सरसर सुटत आली. एक ओळ गेली. इकडूनही गेली, तिकडूनही गेली. दुसरी गेली. तिसरी. खाली तिच्या पायाशी मोरपंखी लोकरीचा ढीग साचायला लागला. परीक्षकबाई खाली वाकून ब्लँकेटच्या दोन्ही अंगांना बोटं लावून बघत होत्या. दहावी ओळ सुटली तेव्हा वत्सलाबाईंना राहवलं नाही.

"झुंबर, पुरे गं!"

"बाईंचं समाधान होऊ दे," झुंबर म्हणाली, आणि हात चालूच ठेवला.

बाराव्या ओळीला परीक्षकबाईंनी तिचा हात धरला. "थांबा. एकच धागा आहे. माझी चूक झाली." त्या थोड्या अवघडल्या. "पण आता हे अपूर्ण झालं. दुपारी दोनला निकाल लावायचाय. नियमानं अपूर्ण वस्तूला नंबर देता येत नाही."

"दोनला अजून अडीच तास हायेत," झुंबर म्हणाली. तिनं पिशवीतून सुई काढली आणि भिंतीला टेकून खाली बसकण मारली.

बारा ओळी, डबल पलंगाच्या रुंदीच्या. अडीच तासांत होणं शक्य नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण नुसतं बसून काय करणार? ती विणत राहिली. पाच-सहा बायका तिच्यासमोर बसल्या. मग दहा झाल्या. "पुढून घेतला की मागून?" एकीनं विचारलं. झुंबर हात न थांबवता सांगत गेली: ओळ मागून सुरू, पुढून बंद, खांब सम, मधल्या घरात खांब, साखळी, खांब. कोणीतरी पर्समधून सुई आणि लोकरीचा गुंडा काढला. परीक्षकबाई फेरी संपवून आल्या आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या. त्यांनी पूर्ण ओळ पाहिली. मग विचारलं, "कडेसाठी खांब सम घ्यायचे, हे कसं सुचलं?"

"विषम करून बघितले, म्हणून."

दोन वाजले तेव्हा तीन ओळी झाल्या होत्या. पहिला नंबर एका भरतकामाच्या चादरीला गेला. झुंबरच्या ब्लँकेटला काहीच मिळालं नाही, साधं प्रमाणपत्रसुद्धा नाही. घरी जाताना बसमध्ये वत्सलाबाई धुमसत होत्या.

"तू उसवायला नको होतंस. मी त्यांना पटवलं असतं."

"तुमचं ऐकलं असतं, बाई, पण त्यांच्या मनात राहिलं असतं," झुंबर म्हणाली. "आता कुणाच्या मनात नाय." आणि पिशवीतलं ब्लँकेट मांडीवर घेऊन तिनं चौथी ओळ सुरू केली. बसच्या हिसक्यांनी एक टाका निसटला, तो तिनं परत उचलला.

पुढच्या सोमवारी वत्सलाबाईंच्या ओटीवर एकोणीस नव्या बायका आल्या. सगळ्यांना तीच जाळी शिकायची होती. वत्सलाबाईंनी अर्धा तास प्रयत्न केला आणि मग दोन्ही हात वर केले. "ही माझी जाळी नाही. जिची आहे ती शिकवेल." त्या दिवसापासून सोमवारचा क्लास झुंबरचा झाला. सुरुवातीला दोघीतिघींना पगारेबाई म्हणणं जड गेलं. महिन्याभरात तेही सवयीचं झालं. लताबाईनं कॉलनीतल्या बायकांसाठी वेगळी दुपार चालवली. परीक्षकबाईंचं एक पत्र आलं. त्यांनी घरी तुकडा विणून पाहिला होता आणि त्यांची कड नीट येत होती. पण जाळी सैल पडत होती, तर काय करावं? झुंबरनं उत्तर लिहिलं: एका नंबरनं बारीक सुई घ्या.

चौऱ्याऐंशी साली पेठहून चिमणाबाई नावाची बाई क्लासला यायला लागली. तिकडच्या एका आश्रमशाळेत ती स्वयंपाक करायची आणि महिन्यातून दोनदा सामान न्यायला शहरात यायची. शाळेतल्या मुलींसाठी तिला पांघरुणं विणायची होती. पहिल्याच दिवशी ती मागं बसली आणि सुई नुसतीच फिरवत राहिली. झुंबर तिच्याजवळ गेली.

"काय झालं?"

"मी डावखुरी हाय, बाई. तुमी उजवीकडून सांगता. माझं सगळं उलटं होतंय. मला येनार नाय हे."

झुंबर विचारात पडली. डाव्या हातानं कुणाला शिकवायची वेळ आजवर आली नव्हती. तिनं चिमणाबाईशेजारी बैठक मारली, सुई स्वतःच्या डाव्या हातात धरली आणि साखळी घालायला घेतली. पहिले चार टाके वेडेवाकडे आले. बाकीच्या बायका विणायच्या थांबून बघू लागल्या.

"येईल," झुंबर म्हणाली आणि टाके उसवले. "आधी मला येऊ दे, मग तुला येईल. तू साखळी घाल. चौदा खांबांची."