चाकामागचा थेंब

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. माझ्या छताला सरकती काच आहे. ती उघडली की आकाश थेट मागच्या सीटवर उतरतं. येणारे-जाणारे त्या काचेचं कौतुक करतात. माझा जीव मात्र तिच्या चार कोपऱ्यांतल्या चार बारीक भोकांत आहे.

मला घडवणाऱ्या कारागिरांना ठाऊक होतं की रबर कितीही घट्ट बसवलं तरी पाणी आत येणारच. म्हणून त्यांनी पाण्याला बाहेरची वाट करून दिली. काचेभोवती पन्हळ केली. तिच्या प्रत्येक कोपऱ्यात भोक पाडून तिथून एक रबरी नळी खांबाच्या आतून खाली सोडली. या नळ्यांची तोंडं चाकांमागे उघडतात. दारांच्या खालच्या कडेलाही त्यांनी फटी ठेवल्या, म्हणजे काचेवरून आत ओघळलेलं पाणी खाली गळून जावं.

माझे मालक दातांचे डॉक्टर होते. घरात त्यांना सगळे बाबा म्हणत. पावसाळ्याच्या आधी एका सकाळी ते बाह्या सरसावून माझ्याकडे येत. हातात नायलॉनची जाड दोरी असे. तिचं टोक त्यांनी मेणबत्तीवर धरून गुळगुळीत केलेलं असे. तार ते कधीच वापरत नसत. तारेनं नळी आतून फाटते. भोकात दोरी सरकवण्यापूर्वी ते मला गंभीरपणे सांगत, "दुखलं तर हात वर कर."

त्यांची लहान मुलगी चाकाजवळ उकिडवी बसलेली असे. बाबा वरून कपभर पाणी ओतत. चाकामागे थेंब दिसला की ती ओरडे, "आलं!" मग पुढचा कोपरा. तिच्या आरोळीशिवाय बाबा कप खाली ठेवत नसत.

मी त्यांना रोज दवाखान्यात नेलं. मुलीला शाळेत सोडलं. पुढे ती दूरच्या गावी नोकरीला लागली, तेव्हा तिचं सामान मीच वाहिलं. मला कधी गंज चढला नाही. लोक म्हणत, "डॉक्टर, गाडी अजून नवीच वाटते हो!" बाबा म्हणत, "रोज दात घासते ती."

मग एका दुपारी बाबा माझ्या मागच्या सीटवर टेकून इस्पितळात गेले. परत येताना मला बाबांचे धाकटे भाऊ, काका, चालवत होते. मागची सीट रिकामी होती.

काकांनी मला घराशेजारच्या झाडाखाली लावलं. मुलीची आई म्हणाली, "आहे तशी राहू द्या. हात लावू नका कुणी." सगळ्यांनी ते ऐकलं. पानं गळाली, पन्हळीत साचली, कुजून त्यांचा चिखल झाला. काका जीव लावणारे, पण घायकुते. आईच्या नकळत त्यांनी माझी एक सेवा केलीच. दारांखालच्या फटी त्यांना दिसल्या आणि त्यांनी त्या सगळ्या भेगा भरायच्या लांबीनं लिंपून बुजवून टाकल्या. वर माझ्या टपावर थाप मारून म्हणाले, "आता पाण्याची काय बिशाद!"

पाऊस आला तसं पाणी आत आलं आणि आतच राहिलं. गालिचा भिजला. त्याखालचा स्पंज फुगला. ओलसर, आंबूस वास घरापर्यंत जाऊ लागला. मला हलता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. पण मी ठरवलं होतं, गंजापुढे पत्रा सोडायचा नाही.

मुलगी रजा काढून घरी आली. तिनं माझं दार उघडलं आणि दाराच्या पोकळीत पाणी डचमळलं, भरलेली घागर हलावी तसं. तिनं वाकून पाहिलं.

"काका, या फटी कुणी बुजवल्या?"

"मी! कारखान्यात राहून गेल्या होत्या वाटतं. एक थेंब आत जायचा नाही बघ."

"आत गेलेला बाहेर पण येत नाही, काका."

काकांनी दार हलवून पाहिलं. पुन्हा डचमळलं. "अरे देवा," ते म्हणाले. "म्हणजे मीच हिला जलोदर केला की!"

आई पायरीवर उभी होती. "उद्या भंगारवाला येतोय," ती म्हणाली. "त्यांची गाडी अशी कुजताना मला बघवत नाही."

"नाही कुजणार."

"पाणी सरळ बाहेर पडलं तर राहू दे. नाहीतर उद्या जाऊ दे तिला."

मुलीनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली. लाकडी चमच्याच्या दांड्यानं तिनं लांबी खरवडली. पहिली फट मोकळी होताच तांबूस पाण्याचा लोट काकांच्या पायांवर आला. "अगं, सांगायचं तरी!" काका उडाले आणि कपडे बदलायला आत पळाले. तिनं सीट काढली, गालिचा उचलला, स्पंज पिळून बाहेर टाकला. स्क्रूड्रायव्हरनं तळाचा पत्रा टोचून पाहिला. चालकाच्या पायाखाली तो एका जागी आरपार गेला. बाकी सगळा टणक होता. "एक ठिगळ लागेल," ती मला म्हणाली. "चालेल ना?" न चालून सांगते कुणाला!

मग ती छताकडे वळली. पन्हळीतला चिखल काढला. तीन नळ्या मोकळ्या झाल्या. चौथी काही केल्या होईना. काका खिडकीतून ओरडले, "अगं, टायरवाल्याचा हवेचा पंप आणतो. एका झटक्यात काम!"

"नको. जोरानं नळी आतल्या आत निसटते. मग सगळं पाणी छतातून मांडीवर."

तिनं बाबांची दोरी घेतली. कोमट पाणी थेंब थेंब सोडलं. दोरी बोटांत फिरवत हळूहळू आत सरकवली आणि म्हणाली, "दुखलं तर हात वर कर."

पायरीवर आईचा हात तोंडाशी गेला. थोड्या वेळानं ती बुटका पाट घेऊन आली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चाकामागे बसली. ती माझ्याजवळ प्रथमच आली होती, बाबा गेल्यापासून.

"ओत," ती म्हणाली.

"आलं?"

"नाही."

दोरी पुन्हा फिरली. मी अंग सैल सोडलं.

"आता?"

"थांब. माती येतेय... काळी माती..." मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग, "आलं! अगं आलं, स्वच्छ आलं!"

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. आईनंच त्याला फाटकावरून परत पाठवलं.

मित्रांनो, आवडत्या वस्तूला हात न लावता ठेवलं की ती टिकते, असं वाटतं. ती कुजते. तिच्या वाटा मोकळ्या ठेवा. आणि हे काम एकट्यानं करायला जाऊ नका. वरून ओतायला एक जण लागतो, आणि चाकामागे बसून "आलं" म्हणायला दुसरा.